तिन्ही अर्धवटच येतात, मग सर्टिफिकेट कोर्स करू का?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक २० वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, रोज बसनं बेळगावला कॉलेजला येते, बीकॉमचं शेवटचं वर्ष. शाळा मराठी मीडियमची, कन्नड बोलता-वाचता येतं, इंग्लिशची भीती अजून गेलेली नाही. गावच्या भजनी मंडळात ती पेटी वाजवते, गणपतीच्या देखाव्याचं रंगकाम तिच्याकडेच असतं, आणि गेल्या वर्षी कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं स्वतः लिहिलेली एकांकिका झाली, त्यातलं गाणं तिचंच आणि मागचा पडदाही तिनंच रंगवलेला. आता पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचा एक वर्षाचा इंटरडिसिप्लिनरी क्रिएटिव्ह आर्ट्सचा सर्टिफिकेट कोर्स तिनं बघून ठेवलाय. नाटक, लेखन, संगीत, चित्रकला असं सगळं मिळून २० क्रेडिट, फी जवळजवळ दोन लाख, राहणं-जेवण वेगळं. बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे, तोवर गावच्या सोसायटीत लाग. भाऊ म्हणतो एक ना धड, भाराभर चिंध्या. भजनातले बुवा म्हणतात गाणं तेवढं धर, बाकी सोड. ती लिहिते, "ताई, मला एकही कला धड येत नाही, तिन्ही अर्धवट येतात. इथं शिकायला काहीच नाही. सर्टिफिकेट हातात असलं तर निदान लोक मला कलाकार म्हणून धरतील. करू की नको?"

तुझ्या पत्रात दोन गोष्टी तू अगदी जाता जाता लिहिल्यास, म्हणजे आपली फजिती सांगायला लिहिल्यास, आणि मी तिथंच अडकले. एक म्हणजे पोती शिवून केलेल्या पडद्याचा निळा रंग प्रयोग चालू असताना पात्रांच्या पांढऱ्या कपड्यांना लागला. दुसरी, गाण्याची चाल तू तुझ्या काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, बसवलीस आणि ऐन वेळी ते गाणं म्हणणाऱ्या पोराचा आवाज वर पोचलाच नाही, अर्धं गाणं त्यानं नुसतं बोलून दाखवलं. यावरून तू ठरवून टाकलंस की मला ना रंगकाम येतं ना गाणं. मला हे पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही ते सांगते कारण तुझ्या पुढच्या सगळ्या प्रश्नाची चावी तिथंच आहे.

पडद्याचं आधी बघू. पावडर कलर नुसत्या पाण्यात कालवून मारला की वाळल्यावर तो हाताला येणारच, त्याला धरून ठेवायला सरस, म्हणजे डिंकासारखा चिकट पदार्थ, लागतो. सरस आदल्या रात्री भिजत घालायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवायचा आणि मग रंगात घालायचा, तोही बेतानं, कारण कमी पडला तर रंग कपड्याला लागतो आणि जास्त झाला तर पडदा गुंडाळल्यावर तडे जाऊन पोपडे पडतात. पोत्याच्या कापडाला तर रंगाच्या आधी सरस आणि खडूच्या पावडरीचं अस्तर द्यावं लागतं, नाहीतर निम्मा रंग पोतंच पिऊन टाकतं. गाण्याचंही बघ, काळी चार ही बायकांच्या गळ्याला सोयीची, पुरुषांचा सा बहुतेक वेळा काळी एकच्या आसपास, म्हणजे चाल बसवायच्या आधी हे गाणं म्हणणार कोण ते ठरवून त्या पोराला एकदा पेटीपाशी बसवून त्याची पट्टी शोधायला पाहिजे होती. चित्र चांगलं झालं होतं हे तूच लिहिलंयस, गाणं अजून कॉलेजमधली पोरं गुणगुणतात हेही तूच लिहिलंयस. मग चुकलं कुठं? रंग आणि कपडे यांची गाठ पडते तिथं एकदा चुकलं, आणि चाल आणि गळा यांची गाठ पडते तिथं एकदा.

हे जे गाठी पडण्याचं ठिकाण आहे ना, तेच इंटरडिसिप्लिनरी म्हणजे काय याचं खरं उत्तर आहे, निदान चांगल्या कोर्समध्ये तरी. चार कलांची चव देणं हा त्याचा उद्देश नसतो. लिहिणारा, गाणारा, रंगवणारा आणि लाइट लावणारा यांना एका कामात आणून एकमेकांच्या अडचणी समजायला लावणं, हा असतो. त्यामुळं 'तिन्ही अर्धवट येतात' हे जे तू धरून बसलीयस ते मला मान्य नाही. तू नाटक करत होतीस, आणि नाटक करणाऱ्याला हे सगळं थोडंथोडं यावंच लागतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८८० साली पुण्यात त्यांनी शाकुंतल उभं केलं तेव्हा संस्कृत नाटकाचं मराठी त्यांनी केलं, पदं त्यांनी लिहिली, चाली घेताना कीर्तनातल्या साकी-दिंडीपासून कर्नाटकी चालींपर्यंत जे कानावर होतं ते सगळं वापरलं. त्यांना कुणी विचारलं नसेल की बाबा तुझा मेन सब्जेक्ट कुठला.

आता बुवांचं. तू त्यांच्यावर जरा रागावलेली दिसतीस, पण बुवा चुकीचं बोलत नाहीयत. कुठलीतरी एक गोष्ट हाडात मुरलेली असल्याशिवाय बाकीच्या गोष्टी तिला येऊन चिकटत नाहीत हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत बघितलंय, कोर्सला गेली, वर्षभर मजा केली, चार वर्कशॉप केले, आणि परत आल्यावर काय येतं विचारलं तर सांगता येईना. ज्याचा एक पाय घट्ट रोवलेला आहे त्याला अशा कोर्सचा फायदा होतो. म्हणून बुवांचा सल्ला अर्धा घे. एक धर हे बरोबर, पण बाकी सोड हे नको. आणि जे धरायचं ते गाणंच असलं पाहिजे असंही नाही, ते कसं ओळखायचं तर कुठलं काम तू कुणी न सांगता परत परत करतीस ते बघ. तू लिहिलंयस की एकांकिकेचा शेवट चार वेळा बदललास, दिग्दर्शन करणारा सिनिअर कंटाळला तरी बदललास. पेटीच्या रियाजाबद्दल मात्र तुझ्या पत्रात एक ओळ नाही. मला वाटतं तुझं घट्ट धरायचं काम लिहिणं आहे, पण हे तू तपासून बघ, माझ्या म्हणण्यावर जाऊ नको.

आता मुद्द्याचं, सर्टिफिकेट. या नावाखाली आजकाल तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि मुलं तिन्ही एकच समजतात. पहिली म्हणजे मुख्य डिग्री करता करता बाजूनं करायचं सर्टिफिकेट. अमेरिकेत प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठात बरीच वर्षं हे चालायचं, आता तिथं त्याची जागा मायनरनं, म्हणजे जोडविषयानं, घेतलीय. मुलगा इंजिनिअरिंग किंवा इकॉनॉमिक्सचा असायचा आणि त्याच्या जोडीला नाटक, नृत्य, लेखन यातलं काहीतरी करून शेवटी एखादं मोठं काम उभं करायचा. तिथं कुणी डिग्री सोडून सर्टिफिकेट करत नव्हतं, हे लक्षात घे. आपल्याकडे एनईपीनं, म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं, मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय) आणलं त्यामागंही अशीच कल्पना आहे, पण कर्नाटकानं २०२१ ला एनईपी लागू केली आणि २०२४ ला परत तीन वर्षांची डिग्री आणली, त्यामुळं तुझ्या मागच्या-पुढच्या बॅचचे नियमसुद्धा सारखे नाहीत, सिनिअरनं काय केलं ते धरून चालू नको, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तुझ्या बॅचचं विचार. दुसरी गोष्ट म्हणजे सहा महिने किंवा वर्षभराचा स्वतंत्र कोर्स, तू बघितलेला तो यातला. आणि तिसरी म्हणजे ऑनलाइन चार व्हिडिओ बघून मिळणारा कागद, त्याच्यावरही सर्टिफिकेटच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारात नेमकं काय मिळतं ते मोजायची एक सोपी पद्धत आहे. एक क्रेडिट म्हणजे लेक्चर असेल तर साधारण १५ तास आणि प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. तुझा कोर्स २० क्रेडिटचा, म्हणजे सगळी लेक्चरं धरली तर ३०० तास, सगळं प्रॅक्टिकल धरलं तर ६००. दोन लाखांना भाग दे, तासाला ६६७ रुपये पडतात नाहीतर ३३३. कलेच्या कोर्समध्ये निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत बसून जाणार असेल तर मी तरी पैसे घालू नको म्हणेन. आणि हेही बघ, रोज एक तास बसलीस तर घरात बसून वर्षाला ३६५ तास होतात, म्हणजे नुसत्या तासांसाठी पुण्याला जायची गरज नाही. तिथं जायचं ते दुसऱ्या कारणासाठी, चूक झाली की त्याच दिवशी सांगणारा माणूस आणि तुझ्यासारखीच वेडी दहा-पंधरा पोरं एका छपराखाली मिळतात त्यासाठी. तुला तो सरस आणि ती पट्टी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितली असती.

पण 'लोक मला कलाकार म्हणून धरतील' हे जे तू लिहिलंयस, तिथं मला थांबवावंसं वाटतं. कोण लोक? नाटकवाले कधी सर्टिफिकेट बघत नाहीत, ते विचारतात काय केलंयस, दाखव. संपादक संहिता वाचतो. शाळेत कला शिक्षक म्हणून लागायचं असेल तर तिथं ठरलेली डिग्री-डिप्लोमा लागतो, एक वर्षाचं मिक्स सर्टिफिकेट तिथं चालत नाही. एमएला जायचं असेल तर पदवी लागते. म्हणजे कागद म्हणून या कोर्सची किंमत थोडी आहे, आणि हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितेय. मला वाटतं ते लोक म्हणजे तुझे बाबा आणि भाऊ आहेत. त्यांनी मानावं म्हणून दोन लाखांचा कागद आणायचा असेल तर तो कागद आणल्यावरसुद्धा ते मानतील याची खात्री नाही, आणि मग तुला जास्त लागेल. त्यापेक्षा त्यांना कधी तुझी एकांकिका बघायला बोलावलंस का? पत्रावरून तरी दिसतं की त्या दिवशी घरचं कुणी नव्हतं.

'इथं शिकायला काहीच नाही' यावर जरा जास्त बोलते, कारण हे वाक्य मला सीमाभागातल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसतं, खानापूर असो, निपाणी असो, चंदगडच्या काठावरचं एखादं गाव असो. आपण महाराष्ट्राकडं बघत बसतो की पुणे-मुंबईला सगळं आहे, आणि कन्नडाकडं बघायचं टाळतो कारण तो आपल्या घरात वर्षानुवर्षं दुखण्याचा विषय आहे. ते दुखणं मी कमी लेखत नाही, मराठी शाळा आणि मराठी पाट्यांसाठी आपल्या लोकांनी काय सोसलंय ते मला माहितेय. पण कला शिकणाऱ्या पोरीनं त्याच्यामुळं अर्धं दार लावून घेऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. मराठी नाटकाची सुरुवात आपण १८४३ च्या सांगलीतल्या सीतास्वयंवरापासून मोजतो, ते विष्णुदास भाव्यांनी केलं तेच मुळी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून सांगलीच्या राजेसाहेबांनी तसं मराठीत करायला सांगितलं म्हणून. तुझ्या जिल्ह्यातच गोकाकच्या बाजूला श्रीकृष्ण पारिजात आहे, कुलगोडच्या तम्मण्णांनी वाढवलेला आणि कौजलगी निंगम्मांनी गाजवलेला खेळ, त्यात तोच नट गातो, तोच बोलतो, मधेच जागेवर रचून उत्तर देतो. जत्रेत तो लागला की रात्रभर बसून बघ. सर्टिफिकेटमध्ये ज्याला इंटरडिसिप्लिनरी म्हणतात ते तिथं स्टेजवर चालू असतं आणि तुला कन्नड कळतं, पुण्याच्या पोरांना कळत नाही, ही तुझी जमेची बाजू आहे आणि ती तू पत्रात एका ओळीत उरकलीस.

आणखी जवळचं सांगते. तुझ्याच खानापुरात खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे, मातीत हात घालायचा असेल तर आधी तिथं चौकशी कर. शहापूर, वडगाव, खासबागेत विणकर आहेत, नाटकाच्या कपडेपटाचा विचार करणाऱ्यानं एकदा मागावर कापड कसं चढतं ते बघावं. चित्रकलेत के. बी. कुलकर्णी सरांनी बेळगावात अख्खी पिढी घडवली, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, आणि त्यांच्या शिष्यांचे शिष्य आजही शहरात क्लास घेतात. कुमार गंधर्वांचा जन्म सुळेभावीचा. हे मी अभिमान बाळगायला सांगत नाहीय, अभिमानानं सरस किती घालायचा ते कळत नाही. एवढ्यासाठी सांगतेय की डिग्री संपायला अजून काही महिने आहेत, तेवढ्यात दर रविवारी यातल्या एका ठिकाणी जाऊन बसता येतं, पैसे बसभाड्यापुरतेच. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा इथं साहित्य संमेलनं होतात, त्या मंडळींना कार्यक्रमाला नवीन काहीतरी हवंच असतं, तुझी वीस मिनिटांची एकांकिका घेता का म्हणून विचारायला काय जातंय. गॅदरिंगच्या बाहेर, ओळखीच्या पोरांच्या टाळ्या नसलेल्या ठिकाणी ती एकदा उभी राहू दे.

मग जायचं कुठं? माझ्या नजरेसमोर चार वाटा आहेत आणि चारही सारख्या नाहीत.

पुण्याचा तो कोर्स ही एक. तो घ्यायचा का हे तीन-चार प्रश्नांवर ठरव, फोनवर नको, ईमेलनं विचार म्हणजे उत्तर लेखी राहतं. शिकवणारे कोण, आणि ते नेमणुकीवर आहेत की एका दिवसाचे पाहुणे? माहितीपत्रकात नटांचे मोठे फोटो असतात, ते वर्षातून दोन तास येऊन जातात. शेवटी विद्यार्थी काय उभं करतात आणि ते बघायला बाहेरचे लोक येतात का? नाटकवाले आणि संगीतवाले सर एकाच कामाला मिळून मार्क देतात का? यावर कोर्स खरोखर मिसळलेला आहे की फक्त टाइमटेबल एक आहे ते लगेच कळतं, चार वर्ग चार मजल्यांवर भरवून त्याला इंटरडिसिप्लिनरी म्हणणारे खूप आहेत. आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, लिहिण्याचं काम मराठीत दिलं तर चालेल का? तुझी भाषा मराठी, तिच्यावर बेळगावचं कन्नड वळण आहे, पात्रं तशीच बोलतात म्हणून तर तुझी एकांकिका लोकांना आवडली. वर्षभर ती इंग्लिशमध्ये करायला लावणार असतील तर तुझं निम्मं बळ तिथंच जाईल. याशिवाय क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात का ते विचार, तिथं ती सात वर्षांपर्यंत राहू शकतात आणि पुढं कुठं शिकलीस तर उपयोगी पडू शकतात. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, साइटवर आहे का तेही बघ, खोट्या विद्यापीठांची यादीपण तिथंच असते आणि त्या यादीत आपल्या जिल्ह्यातलंही एक नाव होतं, त्यामुळं हे कुठंतरी लांब घडतं असं समजू नको.

दुसरी वाट नीनासम. शिवमोग्गा जिल्ह्यात सागर तालुक्यातलं हेग्गोडू, तिथं १९८० पासून नाटकाचं शिक्षण देतात, वर्षभराचा राहून करायचा डिप्लोमा, अभिनयापासून रंगमंचाच्या सगळ्या कारागिरीपर्यंत. सुरुवात करणारे के. व्ही. सुब्बण्णा, त्यांना १९९१ ला मॅगसेसे मिळालं. एका खेड्यात हे सगळं चाललंय, आणि तिथून बाहेर पडलेली मुलं कर्नाटकभर नाटक करतात. शिकवणं कन्नडमध्ये, म्हणून तू विचारच केला नसशील. माझं ऐकशील तर पुण्याबरोबर तिथलीही चौकशी कर, फी किती, प्रवेश कधी, कन्नड किती लागतं. भावाला धक्का बसेल, बसू दे. तिथं जाऊन मराठीत लिहिणारी पोरगी परत आली तर आपल्या सीमाभागाच्या नाटकाला तिचा जो उपयोग होईल तो दुसऱ्या कुणाचा होणार नाही, हे मी मनापासून सांगतेय.

तिसरी म्हणजे सरळ पुढची डिग्री. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, पुण्याच्या विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, दोन्ही सरकारी विद्यापीठं, त्यामुळं खासगीच्या मानानं फी बरीच कमी. वेळ जास्त लागतो, पण हातात येतं ती पदवी असते. सीमाभागातल्या, महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना सीमाभागाची वेगळी सोय आहे, कलेच्या कोर्सला काही सवलत बसते का ते प्रवेशाच्या ऑफिसात विचारून घे, गावाचा दाखला आधीच काढून ठेव.

चौथी वाट घरी राहून. यूजीसीनं एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन कोर्स करायला परवानगी दिलीय, आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाचे चित्रकला, रंगभूमी, हिंदुस्थानी संगीत यांचे सर्टिफिकेट कोर्स आहेत, फी थोडक्यात भागते. सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन पोर्टलवर बघायला-शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला तेवढे पडतात. पण खरं सांगू, ज्या मुलींना घरी रात्री नऊनंतरच पुस्तक उघडायला मिळतं त्यांच्यासाठी ही वाट बोलायला सोपी आणि चालायला कठीण आहे. ही धरायची असेल तर आठवड्यातले दोन संध्याकाळचे तास घरात सगळ्यांदेखत मागून घे, चोरून केलेला अभ्यास महिन्यात बंद पडतो.

बाबांशी बोलताना हे सगळं एकदम काढू नको. त्यांची भीती काय आहे ते आधी ऐक, मला वाटतं पैशापेक्षा त्यांना वेळेची भीती आहे, एक वर्ष गेलं की गाडी सुटली असं त्यांना वाटतं. तर त्यांना हे सांग की बँकेच्या क्लार्कच्या आयबीपीएस परीक्षेला वयाची अट २० ते २८ आहे आणि पीओला, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या परीक्षेला, ३० पर्यंत. तू २० ची आहेस. एक वर्ष दिलं तरी सात वर्षं शिल्लक राहतात. बीकॉम पूर्ण करणार, चांगल्या मार्कांनी करणार, हे आधी सांग आणि तसं करूनही दाखव, कारण डिग्री अर्धवट सोडून कलेकडं जाणं हा विचार तुझ्या मनात कुठं असेल तर तो आत्ताच काढून टाक. लग्नाचं तू एका वाक्यात लिहिलंयस की बघायला सुरुवात करू म्हणतात. त्यावर भांडण नको, पण 'कोर्स संपेपर्यंत नाही' हे आईकडून वदवून घे, आपल्या घरांत असा शब्द आईनं दिला की पाळला जातो.

पैशाबद्दल मी कडक आहे. अशा कोर्ससाठी शेत गहाण टाकायचं नाही, आईचं सोनं ठेवायचं नाही. पदवीच्या कोर्सला एज्युकेशन लोन मिळतं तसं सर्टिफिकेटला सहज मिळत नाही, आणि मग लोक खासगी फायनान्सकडं जातात, तिकडं पाऊल टाकू नको. दोन लाख फी अधिक पुण्यात राहण्याचा वर्षाचा खर्च असा आकडा आधी कागदावर मांड. तो उसने न घेता जमत नसेल तर माझं मत पुण्याचा कोर्स या वर्षी नको, नीनासम किंवा कोल्हापूर बघ, नाहीतर सोसायटीतली नोकरी वर्षभर कर आणि त्यातले पैसे बाजूला टाक, त्या वर्षात दोन नवीन एकांकिका लिहून बसव. हे वर्ष वाया गेलं असं होणार नाही, उलट पुढच्या वर्षी प्रवेशाच्या मुलाखतीला दाखवायला तुझ्याजवळ तीन एकांकिका असतील, फोटो असतील, एखादं रेकॉर्डिंग असेल.

तेवढं एक आत्तापासून सुरू कर. एक जाड वही घे आणि गेल्या वर्षीच्या प्रयोगाचं आठवेल ते सगळं लिही, पडदा किती फुटांचा होता, पोती किती लागली, रंग कुठून आणला, गाणं कुठल्या पट्टीत होतं, कुठल्या वाक्याला लोक हसले, कुठं चुळबूळ झाली. मुलाखतीला बसलेला माणूस 'मला कलेची आवड आहे' हे वाक्य दिवसभर ऐकत असतो, पण पडद्याचा रंग का सुटला आणि पुढच्या वेळी काय केलं हे सांगणारी मुलगी त्याला क्वचित भेटते. इतर वाचकांनाही, जे तबला, रांगोळी, फोटोग्राफी, कविता असं बरंच काही करतात आणि आपलं एक काय ते सांगता येत नाही म्हणून गप्प बसतात, त्यांनाही मी ही वहीच सुचवेन. महिन्याभरानं चाळून बघितलं की आपला हात कुठं जास्त वळतो ते दिसायला लागतं.

आणि पुण्याहून 'सीट संपत आल्यात, आज रात्रीपर्यंत पंचवीस हजार भरा' असा फोन येईल, असे फोन येतातच. तुझ्या ईमेलला लेखी उत्तर आल्याशिवाय एक रुपया भरू नको, प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतात ते आधी लेखी घे, आणि भरायची वेळ आलीच तर पावती विद्यापीठाच्या नावाची घे, मधल्या कन्सल्टन्सीच्या नावाची नको.